सुट्या हार्डडिस्क आणि पोथीचे बासन : ध्वनिमुद्रित साधनांच्या जतनाचा एक प्रश्न

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी वाङ्मयबाह्य वाटण्याचा संभव आहे. परंतु जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे व हस्तलिखितांच्या प्रतिमा आज हार्डडिस्कवर साठविल्या जातात. त्यामुळे डिस्क कोणत्या पेटीत ठेवावी, हा संशोधनसाधनांच्या विश्वसनीयतेचाच प्रश्न ठरतो.

१. खानदेशाला जतनाची परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात निवर्तले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. पोथीला दोन फळ्या आणि कापडी बासन असते. बासन जीर्ण झाले की बदलावे. पोथीला धक्का लागत नाही. हार्डडिस्कच्या पेटीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

२. ही कसोटी न लावल्याचा परिणाम प्रस्तुत लेखकाने अनुभवला आहे. चाळीसगाव तालुक्यात ध्वनिमुद्रित केलेल्या अहिराणी ओव्या दोन डिस्कच्या एका पेटीत होत्या. दोहोंवर एकच मजकूर आपोआप उमटत असल्याने दोन प्रती आहेत, असे समाधान होते. एका उन्हाळ्यात पेटी बंद पडली. डिस्क शाबूत होत्या. पण दुसऱ्या पेटीत घालताच संगणकाने त्या कोऱ्या ठरवून फॉरमॅट करण्याविषयी विचारले. पहिल्या पेटीने मजकूर कूटबद्ध करून लिहिला होता आणि त्याचा उलगडा त्याच बनावटीच्या पेटीला करता येत होता. तशी जुनी पेटी मिळाली, म्हणून ओव्या वाचल्या. गाणाऱ्यांपैकी दोघी तोवर निवर्तल्या होत्या. पुन्हा ध्वनिमुद्रण शक्य नव्हते.

३. यावरून पेटी निवडताना पुढील बाबी पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते.

(अ) पेटी कूटबद्धता करणारी नसावी. काही पेट्या सेक्टरचा आकारही ५१२ ऐवजी ४०९६ बाइट असा दाखवितात. तेव्हाही डिस्क अन्यत्र वाचता येत नाही. म्हणून प्रथम एखादी निरुपयोगी फाइल लिहून, डिस्क बाहेर काढून थेट संगणकाच्या साटा जोडणीवर लावून पाहावी. फाइल उघडली तरच पेटी स्वीकारावी.

(आ) साडेतीन इंची डिस्कला १२ व ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात. यूएसबीच्या साध्या वायरीतून १२ व्होल्ट मिळत नसल्याने पेटीला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असावा.

(इ) संगणक चालू असताना डिस्क बदलता यावी. यालाच हॉट-स्वॅप म्हणतात. साटा जोडणीत भूसंपर्काच्या पट्ट्या लांब असून त्या आधी टेकतात, म्हणजे ही सोय मूळ रचनेतच गृहीत आहे. मात्र पेटी व संगणक दोन्ही त्यास अनुकूल असले पाहिजेत. शिवाय प्रथम संगणकाला डिस्क सोडावयास सांगून, तबकड्या फिरावयाच्या थांबल्यावरच ती ओढावी.

(ई) आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. म्हणून पेटीत हवा खेळती असावी व शक्यतो पंखा असावा.

४. हॉट-स्वॅपचे खरे मोल मात्र सोयीत नाही. एका पेटीतील दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. एकीवरून चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही पुसली जाते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. असे पाणी पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच नेते. डिस्क सहज निघत असेल तर एक विभागात, दुसरी घरी आणि तिसरी धुळ्यासारख्या दुसऱ्या गावी ठेवून त्या ठरावीक काळाने फिरत्या ठेवता येतात, आणि प्रत्येक फेरीत प्रत उघडून ऐकताही येते.

सारांश, पेटी हे बासन आहे, पोथी नव्हे. ज्या बासनावाचून पोथी उघडतच नाही, ते कितीही देखणे असले तरी अभ्यासकाने नाकारावे.