चवीपुरते मीठ



मीठ नाही असे घर नाही. भाकर-ठेचा खाणाऱ्यालाही मीठ लागते आणि पंगतीत बसणाऱ्यालाही लागते. आपण म्हणतो, 'खाल्ल्या मिठाला जागावे.' ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करू नये, असा त्याचा अर्थ. मिठाला आपल्याकडे एवढा मान आहे.

पण मान मोठा असला तरी माप लहानच हवे. हे माप चुकले तर काय होते, ते या धड्यात वाचू.

१. खाऱ्या पाण्याचा मुलूख

पूर्णा नदी आपल्या वऱ्हाडातून वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना काळी, खोल जमीन आहे. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आणि भातकुली, अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हारा आणि बाळापूर, पुढे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव आणि संग्रामपूर. या भागातील पुष्कळ गावांत विहीर खोदली की खारे पाणी लागते. म्हणून या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात.

हे पाणी इतके खारट की जुन्या काळी काही विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. पुढे इंग्रज सरकारने तसे मीठ करण्यास बंदी घातली आणि मिठावर कर बसवला. १९३० साली महात्मा गांधींनी दांडीला समुद्रकाठी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र नाही. तेव्हा आपल्या लोकांनी अकोला जिल्ह्यातील दहीहंडा या गावी विहिरीच्या खाऱ्या पाण्याचे मीठ करून तोच कायदा मोडला.

तेव्हा गरिबाला मीठ मिळावे म्हणून लढा द्यावा लागला. आज मीठ स्वस्त आहे आणि हवे तेवढे मिळते. आता ते मोजून खायला शिकायचे आहे.

२. आजोबांची गोष्ट

पूर्णाकाठच्या एका गावातले घर घ्या. घरात पाच माणसे : आजोबा, आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. आजोबांचे वय साठीच्या पुढे, पण अंगाने काटक. रोज वावरात जाणार.

एकदा गावात नर्सताई आल्या. त्यांनी आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. म्हणाल्या, "आजोबा, तुमचं बीपी १६८ वर १०० आहे. हे जास्त आहे. दवाखान्यात येऊन पुन्हा मोजा, औषध सुरू करा आणि मीठ कमी करा."

आजोबा हसले. "मले काय झालं, बाई? डोकं दुखत नाही, पोट दुखत नाही. भाकर खातो, वावरात जातो. अन् मिठाबिगर भाकर नरड्याखाली उतरते का?"

ते दवाखान्यात गेले नाहीत. मीठही कमी झाले नाही.

कापूस वेचणीचे दिवस आले. एके दिवशी सकाळी आजोबा चहाला बसले आणि हातातला कप खाली पडला. तोंड एका बाजूला वाकडे झाले. बोलणे समजेना. उजवा हात लुळा पडला. मुलाने धावपळ करून गाडी मिळवली आणि त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे. रक्तदाब वाढल्याने मेंदूतली रक्तवाहिनी फुटली.

आजोबा वाचले. पण तो हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. ज्या हाताने चाळीस वर्षे पेरणी केली, त्या हाताला आता सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. आजी लावून देते.

आजोबा आता एकच सांगतात, "दुखलं असतं त गेलो असतो. दुखलंच नाही न!"

रक्तदाबाची खोड हीच आहे. तो वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि एक दिवस घात करतो.

३. मीठ अंगात काय करते?

मीठ पाण्याला धरून ठेवते. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ ओले होते, हे आपण पाहतोच. अंगातही तसेच होते. जास्त मीठ खाल्ले की तहान लागते, आपण पाणी पितो, आणि ते पाणी मिठाबरोबर रक्तात राहते. नळी तेवढीच आणि आतले पाणी जास्त, मग नळीवर दाब वाढतो. हाच रक्तदाब.

हा दाब रोजचा झाला की रक्तवाहिन्या कडक होतात. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. मूत्रपिंडे, म्हणजे किडन्या, रक्तातले जास्तीचे मीठ लघवीवाटे बाहेर टाकतात. वाढलेल्या दाबाने त्याही झिजतात. किडनी बिघडली की मीठ बाहेर जात नाही, आणि मीठ साठले की दाब आणखी वाढतो. असे हे चक्र आहे.

खारपाणपट्ट्यातील शेतकरी विहिरीचे खारे पाणी पिकाला देत नाही. दिले तर जमीन चिकट आणि टणक होते, हे त्याला माहीत आहे. जी काळजी आपण वावराची घेतो, ती अंगाची का घेऊ नये?

४. किती मीठ पुरे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही काठोकाठ नाही. यात भाजी, वरण, चटणी, लोणचे, पापड, शेव सगळे आले. लहान मुलांना याहून कमी पुरते.

आपल्या देशात २०१७-१८ साली पाहणी झाली. तेव्हा मोठी माणसे दिवसाला सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ खातात असे दिसले.

आजोबांच्या सुनेने नर्सताईंना विचारले, "ताई, आम्ही त मीठ अंदाजानं टाकतो. जास्त की कमी, हे कसं समजावं?"

ताईंनी उलट विचारले, "महिन्याला मिठाचे किती पुडे लागतात?"

"एक-एक किलोचे दोन. अन् लोणचं वेगळं."

मग दोघींनी हिशेब मांडला. तुम्हीही पाटीवर मांडा.

दोन पुडे म्हणजे २००० ग्रॅम.
महिन्याचे दिवस ३०. दिवसाला सुमारे ६६ ग्रॅम.
माणसे ५. माणशी सुमारे १३ ग्रॅम.

पाहिजे ५ आणि पोटात जाते १३! पाहुणे आले, थोडे सांडले असे धरले तरी दुपटीहून जास्तच.

आता उलटा हिशेब करा. माणशी ५ ग्रॅम, तर पाच माणसांना दिवसाला २५ ग्रॅम. १ किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. बाहेरचे खारे खाणे असेल तर त्याहूनही जास्त दिवस.

सून साक्षरतेच्या वर्गात नुकतीच लिहायला शिकली होती. तिने नवा पुडा फोडला आणि त्यावर पेनाने तारीख लिहिली. संपला की दिवस मोजायचे. पहिला पुडा २० दिवस गेला, पुढचा २६ दिवस, त्यानंतरचा ३५ दिवस.

५. कमी कसे करावे?

एकदम कमी केले तर भाजी अळणी लागते आणि घरात भांडण होते. म्हणून हळूहळू करावे. आठवड्याला एक चिमूट कमी. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. मग पूर्वीचीच भाजी खारट लागू लागते.

ब्रिटन देशात २००३ सालापासून असेच केले. तेथे लोक पाव खातात. पाव करणाऱ्यांनी त्यातले मीठ थोडे थोडे कमी केले. खाणाऱ्यांना फरक फारसा कळलाही नाही, आणि पोटात जाणारे मीठ घटले.

आपल्या घरी काय करता येईल?

ताटात वरून मीठ वाढू नये. मिठाची वाटी पंगतीतून उचलावी.

भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालू नये. भाजीचे मीठ त्यांना पुरते.

लिंबू, चिंच, आमचूर, लसूण, जिरे, सांबार यांनी चव आणावी. आंबट चव असली की मीठ कमी लागते.

उन्हाळ्यात पापड, कुरड्या, खारोड्या घालताना मीठ मोजून घालावे. पापडखार आणि खायचा सोडा यांतही मिठातलाच क्षार असतो. तोही बेताने वापरावा.

लोणच्यात मात्र मीठ कमी करू नये. मीठ कमी पडले तर लोणचे नासते. लोणचे आहे तसेच घालावे, पण फोड अर्धी खावी.

दुकानची शेव, चिवडा, फरसाण आणि पुड्यातले खारे पदार्थ मुलांना रोज देऊ नयेत.

काहीजण म्हणतात, 'सैंधव खा, ते अपाय करत नाही.' हे खरे नाही. सैंधव काय, काळे मीठ काय, रक्तदाबाला सारखेच. उलट सैंधवात आयोडीन बहुधा पुरेसे नसते. आयोडीन कमी पडले तर गळ्याला गलगंड होतो आणि पोटातल्या बाळाची बुद्धी खुंटते. म्हणूनच १९६२ साली सरकारने आयोडीनच्या मिठाची योजना सुरू केली. पुड्यावर 'आयोडीनयुक्त' हा शब्द वाचून मीठ घ्यावे. मीठ तेच, माप कमी.

६. दोन शंका

पहिली शंका : उन्हात राबणाऱ्याला मीठ लागत नाही का?

लागते. घामातून मीठ जाते. मीठ बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पण रोजच्या बेताच्या मिठात बहुतेकांचे भागते. वऱ्हाडच्या उन्हात खरी गरज असते पाण्याची आणि सावलीची. हगवण लागली किंवा ऊन लागले, तर दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी जरूर घ्यावी. तेथे मीठ हे औषध आहे.

दुसरी शंका : आमच्या विहिरीचेच पाणी खारे. मग भाजीतले मीठ कमी करून काय उपयोग?

पाण्यातून क्षार पोटात जातात, म्हणून तर भाजीतले कमी करायचे! भारतीय मानकाप्रमाणे १ लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. हे सगळे क्षार म्हणजे मीठ नव्हे, पण त्यात मीठही असते. पाणी उकळून क्षार जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, खारेपणा तसाच राहतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी वान आणि शहानूर ही धरणे आहेत. त्यांचे गोडे पाणी नळाने खारपाणपट्ट्यातील पुष्कळ गावांना येते. असे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळे भरून ठेवावे. खारे पाणी धुण्या-सारवण्याला वापरावे. पाणी नियमित येत नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे. गावच्या पाण्याची तपासणी करून घेणे हा आपला हक्क आहे.

७. सहाशे खेड्यांची साक्ष

चीन देशात ६०० खेड्यांत एक प्रयोग झाला. त्यात सुमारे २१ हजार माणसे होती. पुष्कळांना आधी लकवा होऊन गेला होता, बाकीची साठीच्या पुढची आणि रक्तदाबाची होती. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ ठेवले. निम्म्यांना वेगळे मीठ दिले. त्यात पाव हिस्सा पोटॅशियमचा क्षार होता. सुमारे पाच वर्षे हे चालले. २०२१ साली निकाल आला. नेहमीच्या मिठाच्या खेड्यांत जेथे १०० झटके आले, तेथे वेगळ्या मिठाच्या खेड्यांत ८६ आले. फक्त मीठ बदलले होते.

असे मीठ आपल्याकडेही विकत मिळते. पण ज्याची किडनी बिघडली आहे, त्याला ते धोक्याचे आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. साधे मीठ कमी करायला मात्र पैसा लागत नाही.

मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. महाराष्ट्रात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत रक्तदाब मोजून नियमित औषध देण्याची मोहीम प्रथम सुरू झाली. तिचा धडा हाच : मोजा, औषध घ्या, पुन्हा मोजा. तिशी ओलांडली की प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा आला, तर दवाखान्यात जावे.

आजोबा आता रोज गोळी घेतात. परवा पाहुणा जेवायला बसला आणि म्हणाला, "वहिनी, भाजीत मीठ कमी हाय."

सून काही बोलायच्या आत आजोबाच बोलले. डावा हात वर करून म्हणाले, "कमी नाही, पाहुणे. बरोबर हाय. पहिले जास्त होतं."

शब्दांचे अर्थ

रक्तदाब : रक्ताचा रक्तवाहिनीवर पडणारा दाब, बीपी
मूत्रपिंड : किडनी
लकवा : अर्धांगवायू
क्षार : पाण्यात विरघळलेले मिठासारखे पदार्थ
अळणी : मीठ नसलेले

वाचा आणि सांगा

१. आजोबा दवाखान्यात का गेले नाहीत?
२. लोणच्यात मीठ कमी का करू नये?
३. तुमच्या घरी माणसे किती? १ किलो मीठ किती दिवस पुरते? माणशी किती ग्रॅम पडते, ते वहीत लिहा.
४. आज घरातील मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा.