फाहियान यांच्या वाटेवरील अनाम बेट

शालेय पाठ्यपुस्तकात चिनी भिक्खू फाहियान यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात. गुप्तकाळात ते भारतात आले, त्यांनी प्रवासवृत्तांत लिहिला, ते परत गेले. परत कसे गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः त्यांच्या वृत्तांतातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

विनयाच्या संपूर्ण प्रतींच्या शोधात ते इ.स. 399 मध्ये चांगआनहून निघाले. सोबत्यांपैकी काही वाटेतच मृत्यू पावले, काही मागे फिरले, एकाने भारतातच राहणे पसंत केले. फाहियान एकटेच ताम्रलिप्तीहून सिंहलद्वीपास गेले आणि तेथे दोन वर्षे राहिले. बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला पांढऱ्या चिनी रेशमाचा पंखा पाहून आपले डोळे भरून आले, असे ते नोंदवतात. महीशासक विनय, दीर्घागम व संयुक्तागम हे ग्रंथ मिळवून ते दोनशेहून अधिक माणसांच्या व्यापारी जहाजात चढले.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास वादळ उठले आणि जहाजाला गळती लागली. आणीबाणीसाठी एक लहान नौका मागे दोराने बांधलेली होती. मोठ्या जहाजावरील माणसे तिच्याकडे धाव घेऊ लागताच, ती बुडेल या भीतीने नौकेवरील लोकांनी दोरच कापून टाकला. व्यापाऱ्यांनी जड माल समुद्रात फेकला. फाहियान यांनीही आपले पाण्याचे भांडे व हातपाय धुण्याचे पात्र फेकले. धास्ती एकच होती : आता आपले ग्रंथ व मूर्तीही फेकून देतील. त्या वेळी त्यांनी अवलोकितेश्वराचा धावा केला. अभ्यासकाने हेही झाकून ठेवू नये. ते स्वतः झाकत नाहीत.

तेरा दिवस-रात्री वादळ चालले आणि जहाज एका बेटाच्या कडेला लागले. त्या बेटाचे नाव वृत्तांतात नाही. तेथील माणसे, झाडे, देऊळ, कशाचेही वर्णन नाही. ओहोटी लागली, पाणी उतरले, गळतीची जागा दिसली, ती बुजवली आणि जहाज पुढे निघाले, एवढेच. सुमारे नव्वद दिवसांनी ते यवद्वीपास पोहोचले.

तेथे पाच महिने थांबून फाहियान दुसऱ्या जहाजाने चीनकडे निघाले. महिन्याभराने पुन्हा काळे वादळ आले. उजाडल्यावर जहाजावरील ब्राह्मणांनी विचारविनिमय करून ठरविले, की हा श्रमण सोबत असल्यामुळेच आपल्यावर संकट आले. याला एखाद्या बेटाच्या किनाऱ्यावर उतरवून द्यावे. माणसालाच अपशकुन ठरविण्याची ही रीत आपल्या वाचकांना अपरिचित वाटू नये! पहिल्या जहाजावर गळतीचे भोक शोधले गेले होते. येथे आकाश अंधारले आणि दोषी म्हणून भिक्खू सापडला.

फाहियान यांना आश्रय देणारा दाता मध्ये पडला. याला उतरवाल तर मलाही उतरवा, नाहीतर मला ठार करा. चीनला पोहोचल्यावर मी राजाला सांगेन आणि तो बुद्धाच्या धम्मास मानणारा आहे, असे त्याने बजावले. व्यापारी कचरले. त्या दात्याचे नावही वृत्तांतात नाही.

सत्तराहून अधिक दिवस भरकटल्यावर अन्नपाणी संपत आले. स्वयंपाकाला समुद्राचे पाणी वापरावे लागले. मग वायव्येकडे वळून बारा दिवसांनी शानतुंगच्या किनाऱ्यावर जमीन दिसली. हा कोणता देश, हे कोणालाच कळेना. किनाऱ्यावरील ओळखीची रानभाजी पाहून ही आपलीच भूमी, हे फाहियान यांनी जाणले. ग्रंथ सुखरूप होते. पाटलीपुत्रात मिळविलेल्या महासांघिक विनयाचे भाषांतर त्यांनी बुद्धभद्र यांच्यासमवेत पूर्ण केले. सिंहलद्वीपाहून आणलेल्या महीशासक विनयाचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर बुद्धजीव यांनी केले.