मीटरने २५ व्होल्ट दाखवले, ते खरेच होते

जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर माळ्यावर पडून होता. उघडला तर आत चांगला वजनदार ट्रान्सफॉर्मर. मला टेबलावरच्या प्रयोगांसाठी पॉवर सप्लाय बनवायचा होता. एलएम ३१७ आयसी, ब्रिज, कॅपॅसिटर सगळे जमले होते, अडले होते ते ट्रान्सफॉर्मरपाशी. घरात एवढे तांबे धूळ खात असताना बाजारात पैसे मोजणे जिवावर आले.

त्याला पाच-सहा वायरी होत्या. दोघींना २३० दिले आणि उरलेल्यांत मीटर फिरवत बसलो. एका जोडीत बरोबर २५ व्होल्ट! सप्लाय जोडला आणि तो आठवडाभर झकास चालला. पायात रबरी चप्पल आणि बुडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची होती म्हणून चालला, हे नंतर कळले.

जुलैतली रात्र. फरशी ओलसर, मी अनवाणी. हीटसिंक किती तापलेय म्हणून बोट लावले आणि मागच्या कपाटावर जाऊन आदळलो. हात कोपरापर्यंत बधिर. सावरल्यावर टेस्टर घेतला. हीटसिंकवर पेटला, काळ्या टर्मिनलवरही पेटला.

दुसऱ्या दिवशी ते धूड वाइंडिंगवाल्या काकांसमोर ठेवले. त्यांनी एकदाच बघितले. "दादा, हा ऑटो आहे. याला सेकंडरी नसतेच."

स्टॅबिलायझरमध्ये एकच वाइंडिंग असते आणि तिलाच ठिकठिकाणी टॅप काढलेले असतात. २०५ आणि २३०च्या टॅपमध्ये मीटर लावा, २५च दिसतील. पण त्या दोन्ही वायरी न्यूट्रलपासून दोनशेच्या वर असतात. मीटर खोटे बोलला नव्हता. मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता.

म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर हाती आला की वीज देण्याआधी मीटर ओहमवर ठेवा. ज्या वायरींना २३० द्यायचे, त्यांच्यापासून आउटपुटच्या वायरींपर्यंत काहीही दिसता कामा नये. काही ओहम दिसले तर तो ट्रान्सफॉर्मर सप्लायसाठी नाहीच, कितीही देखणा असो. ही परीक्षा पास झाला तरी पहिल्यांदा ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच चालू करा. आउटपुट मोकळे असताना बल्ब भरपूर पेटला तर आत शॉर्ट आहे. आणि मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला हातच लावू नका. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टची असते, तिथे चप्पल कामाला येत नाही.

मी शेवटी काकांकडूनच वळवून घेतला: १८ व्होल्ट, ३ अँपिअर. इथेही एक मेख आहे. ब्रिज आणि कॅपॅसिटरनंतर १८चे साधारण २४ व्होल्ट डीसी होतात. लोड नसताना आणि लाइन चढलेली असताना आणखी वर जातात. त्यामुळे कॅपॅसिटर ५० व्होल्टचा घ्या. करंट मात्र घटतो. ३ अँपिअर एसीतून डीसीला पावणेदोनच्या आसपासच धरा. मला दीड हवा होता, म्हणून ३ सांगितला.

हिशेब काकांनी पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मांडला. ५४ व्हीएला साडेआठ चौरस सेंटिमीटरचा कोअर. पन्नास हर्ट्झला ४५ भागिले कोअरचे क्षेत्रफळ, म्हणजे व्होल्टला ५.३ टर्न. प्रायमरी १२२० टर्न, २८ गेज. सेकंडरीचे ९५ येतात, पण लोडवर व्होल्टेज बसते म्हणून १००, तार १८ गेज. स्टॅम्पिंगच्या पट्ट्या एक इकडून, एक तिकडून अशाच भरायच्या. सगळ्या एका बाजूने भरल्या तर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि रिकामाच तापतो.

तुम्ही वळवून घ्याल तेव्हा समोर उभे राहा आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये इन्सुलेशन कागदाचे दोन पदर जास्त घालायला सांगा. थोडे पैसे वाढवून मागतील. द्या.