नळाची लाइन आणि गल्लीची वही



घरात रोज पंचशील म्हटले जाते, ओटा लख्ख धुतलेला असतो, हंड्यावर झाकण असते. आणि तरीही पावसाळ्यात धाकट्या पोराला कावीळ होते. मग शेजारपाजार आईलाच बोल लावतो. हा बोल बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. तो का, ते या पाठात पाहू.

आपण उल्हासनगर कॅम्प ४ मधील वस्तीचे उदाहरण घेऊ. उल्हासनगर ही मूळची लष्कराची कल्याण छावणी. दुसऱ्या महायुद्धातील बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. आपली माणसे पोटापाण्यासाठी आली ती सुभाष टेकडीसारख्या चढउतारावर, नाल्याच्या कडेला, जागा मिळेल तेथे राहिली. अशा वस्त्यांत घर आधी होते, नळ मागून येतो आणि गटार सर्वांत शेवटी. म्हणून नळाची लाइन पुष्कळदा गटारातूनच जाते.

आता नीट लक्ष द्या. पाणी सुरू असते तेव्हा पाइपात दाब असतो; सांधा गळका असला तर पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, आणि त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. कोणी लाइनीला थेट मोटर लावली तर ते आणखी जोराने ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ते सर्वांच्या हंड्यात. कावीळ, हगवण, विषमज्वर या वाटेने येतात. म्हणून नळ सुरू झाल्यावरची पहिली बादली संडासाला वापरा, पिण्याचे पाणी खळखळा उकळा. पण एका घराने एवढे करून लाइन दुरुस्त होत नाही. ते गल्लीने मिळूनच करावे लागते.

येथे काही तरुण विचारतात, ‘लोकसहभाग म्हणजे पुन्हा आम्हीच झाडू धरायचा काय?’ शंका रास्त आहे. मेलेली ढोरे ओढणे आपण का सोडले, हे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले होते. तेव्हा स्पष्ट समजून घ्या: श्रमदानाच्या नावाखाली कोणीही गटारात उतरायचे नाही, मैला हाताने उचलायचा नाही. २०१३ च्या कायद्याने त्याला बंदी आहे. गटारात गुदमरून मेलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण गेलेला माणूस पैशाने येत नाही. ते काम यंत्राचे, आणि यंत्र आणणे महापालिकेचे.

मग आपण काय करायचे? पुण्याचे उदाहरण घ्या. रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना, १९९९ पासून दोन-तीन वर्षांत, झोपडपट्ट्यांत चारशेहून अधिक सार्वजनिक संडास स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने उभे राहिले. महिला मिलनच्या बायांनी आराखड्यात तोंड घातले, आणि बरे केले. मुलांसाठी वेगळी छोटी बैठक केली, कारण मोठ्या भांड्याची आणि अंधाराची मुलांना भीती वाटते. बायांची रांग वेगळी केली. देखरेख करणाऱ्याला राहायला खोली दिली. पैसे महापालिकेचे आणि देखभाल कुटुंबांच्या महिन्याच्या पासातून, अशी ती वाटणी होती. ज्यांना रोज वापरायचे त्यांना कोणी विचारले, एवढाच फरक. पण तो फार मोठा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. तथागतांनी व आनंदाने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. आणि नंतर संघाला जमवून विचारले, याची सेवा कोणी का केली नाही? जाब एकट्याला नव्हता, संघाला होता.

बाहेरून येणाऱ्या घाणीवरही नजर हवी. २०१४ साली टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले गेले आणि काठच्या शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले. असा टँकर रात्री दिसला तर नंबर, वेळ, जागा लिहून ठेवा. पण जवळ जाऊ नका.

त्यासाठी गल्लीची एक वही करा. पाणी कोणत्या दिवशी गढूळ आले, कोणाच्या घरी कावीळ झाली, पाइप कोठे गटारात बुडालेला आहे, तक्रार केव्हा दिली, पोच मिळाली की नाही. एकाच आठवड्यात एकाच लाइनीवर तीन घरी कावीळ दिसली तर आरोग्य खात्याला नाकारता येत नाही. वही नळावर उभ्या राहणाऱ्या बायांकडे द्या. पाणी पहाटे तीनला आले आणि वासाचे आले, हे त्यांनाच ठाऊक असते. सभेत बोलणाऱ्या पुरुषांना नव्हे. दर पौर्णिमेला वंदना झाली की ती विहारात मोठ्याने वाचा, आणि अर्जावर सह्या तेथेच घ्या.