बी, पान, फूल आणि कायदा

भाच्याचं गडचिरोलीत वनोपजाचं दुकान आहे. मोहफुलांचे लाडू, चारोळी, मध, हिरडा, बेहडा असा माल. मावशी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. अमली पदार्थांच्या खटल्यांचे कागद तिच्या टेबलावर नेहमीचे. रविवारी भाचा आला तो मोबाइलवरची एक रेटलिस्ट घेऊनच.

भाचा: मावशी, हे पाय. नागपूरचा एक एजंट मागं लागून राहिला. म्हणते, हेम्पचा माल ठेवा, मार्जिन चांगलं आहे. चार वस्तू आहेत. हेम्पच्या बिया, बियांचं तेल, 'विजया'चे थेंब आणि या रंगीत गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या. खाली लिहिलं आहे, शंभर टक्के लीगल, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत.

मावशी: हा ०.३ आकडा कुठून आणला, विचारलंस त्याला?

भाचा: कायद्यातला आहे म्हणते.

मावशी: कायद्यातलाच आहे, पण अमेरिकेच्या. तिकडे २०१८ साली शेती कायदा झाला. वाळलेल्या झाडात नशेचं द्रव्य, म्हणजे डेल्टा-९ टीएचसी, ०.३ टक्क्यांहून जास्त नसेल तर ते झाड हेम्प, जास्त असेल तर गांजाचं. दोरखंड, कापड, बियांचं तेल यांसाठी ती रेघ ओढली होती. व्यापाऱ्यांनी मग हिशेब मांडला. चार ग्रॅमची एक गमी घे. तिच्यात ०.३ टक्के म्हणजे किती झालं?

भाचा: बारा मिलिग्रॅम.

मावशी: नवख्या माणसाला चांगलंच चढवायला तेवढं पुरतं. कागदावर हेम्प आणि पोटात गेल्यावर गांजा. या पळवाटेवर तिकडे मोठा बाजार उभा राहिला. एकेका राज्यानं वेगळा नियम केला, आणि शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ती वाट बंद करणारा कायदा झाला. त्याचा अंमल वर्षभरानंतरचा. तुझा एजंट त्या बाजाराची भाषा इकडे खपवतो आहे.

भाचा: मग आपल्याकडे किती टक्के चालते?

मावशी: आपला कायदा टक्के मोजतच नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा एवढंच विचारतो की झाडाचा कोणता भाग आहे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडाची राळ म्हणजे चरस, आणि त्या राळेपासून काढलेलं घट्ट तेलही चरसच. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया या व्याख्येच्या बाहेर ठेवल्या आहेत. तुझी रेटलिस्ट याच हिशेबानं वाचायची. आधी गमी घेऊ. तिच्यातला टीएचसी कशातून काढला?

भाचा: पाकिटावर 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट' लिहिलं आहे.

मावशी: अर्क फुलातून किंवा राळेतून आला असेल तर ती गमी चरसाचं मिश्रण ठरू शकते. टीएचसी हे द्रव्य म्हणूनही कायद्याच्या अनुसूचीत आहे. आता वजनाचं ऐक. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी मात्रा १ किलोपासून. पूर्वी वकील म्हणायचे, साहेब, शुद्ध द्रव्य तेवढं मोजा, बाकी साखर आहे. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं. तुझ्या बरणीत गमी किती?

भाचा: तीस. म्हणजे १२० ग्रॅम. बापा!

मावशी: साखर, जिलेटिन, रंग सगळं धरून १२०. एका बरणीत अल्प मात्रा ओलांडली. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्षाची सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर पण व्यापारी मात्रेच्या खाली असलं तर दहा वर्षांपर्यंत आणि लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं, कमाल वीस. तिथं जामीनही महाकठीण, कारण कलम ३७ आडवं येतं.

भाचा: आणि कुणी बाहेरून आणलं तर? एका मित्राचा भाऊ कॅलिफोर्नियात असते. तिकडे तर दुकानात मिळते.

मावशी: तिकडं त्यानं दुकानातून घेतलं, पावतीही आहे, पण मुंबईच्या विमानतळावर त्या पावतीला काही किंमत नाही. देशात आणलं की आयातीचा वेगळा गुन्हा, पोस्टानं मागवलं तरी तोच. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, तेव्हापासून बँकॉकच्या विमानांतून येणाऱ्या बॅगांत गांजा सापडल्याच्या बातम्या तू वाचतोसच.

भाचा: बरं, फुलांचं समजलं. गांजाची मात्रा किती धरतात?

मावशी: अल्प १ किलोपर्यंत, व्यापारी २० किलोपासून. आमची अर्धी लढाई वजनाचीच असते. हा एक पंचनामा वाच, नावं झाकली आहेत.

भाचा: 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, फुले, पाने, बोंडे व काड्या असलेला ओलसर पदार्थ…'

मावशी: पोत्यात फुलं, पानं, काड्या, बिया सगळं एकत्र. व्याख्येप्रमाणे सुटं पान आणि बी गांजा नाही, पण शेंड्यांसोबत असेल तर मोजलं जातं. मग वेगळं केलं होतं का, नमुना मॅजिस्ट्रेटसमोर घेतला का, रासायनिक विश्लेषकाच्या, म्हणजे सीए रिपोर्टमध्ये फुलोरा दिसला का, यावर जामिनाचा युक्तिवाद उभा राहतो.

भाचा: मग नुसतं पान, म्हणजे भांग, मोकळी झाली का? महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत उद्या कुणी थंडाईत घालून दिली तर?

मावशी: केंद्राच्या कायद्यातून सुटली म्हणजे मोकळी झाली असं नाही. पान राज्यांवर सोडलं आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. गुजरातनं २०१७ मध्ये आपल्या दारूबंदी कायद्यातल्या मादक द्रव्यांतून भांग काढून टाकली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. इथं परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, विकणं, पिणं सगळं गुन्ह्यात येतं. एनडीपीएसइतकी जबर शिक्षा नाही, पण गुन्हा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये भांग गांजा नाही म्हणून एका आरोपीला जामीन दिला, तेव्हा समाजमाध्यमांवर 'भांग कायदेशीर झाली' अशी हूल उठली होती. त्या निकालानं केंद्राचा कायदा सांगितला, आपला दारूबंदी कायदा कुठं पुसला?

भाचा: एकाच झाडाचे असे तुकडे करायची अक्कल कुणाला सुचली?

मावशी: हिशेब जुना आहे. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी भांग-गांज्यावर एक आयोग नेमला. आपला चांदा, म्हणजे चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतातला गांजा निमाडात, खंडव्याकडे पिकायचा. आयोगानं शेकडो साक्षी घेतल्या आणि म्हटलं, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून आवर घाला. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्यात फुलोरा आणि राळ धरली, सुटी पानं आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, आणि देशांना चालत आलेला वापर बंद करायला पंचवीस वर्षं दिली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. म्हणून फूल गुन्ह्यात गेलं आणि भांग राज्यांच्या हाती राहिली.

भाचा: आपल्याला याची सवय आहेच म्हणा. मोहफुलांचंही असंच.

मावशी: अगदी तसंच. मोहफुलांवरचे जुने निर्बंध राज्यानं २०२१ मध्ये उठवले, म्हणून तू लाडू विकतोस. तीच फुलं आंबवून भट्टीवर चढवलीस की गुन्हा. आणि दारूचा कायदा जिल्ह्याप्रमाणे बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात २०१५ च्या एप्रिलमध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. वैनगंगेच्या अल्याड दुकान, पल्याड बंदी. म्हणून आपल्याकडच्या पोरांना वाटतं, गांजाचंही तसंच काही असेल, चंद्रपुरात चालत असेल. नाही. गांजाचा कायदा दोन्ही काठांवर एकच आहे.

भाचा: आता हे 'विजया'चे थेंब. बाटलीवर आयुर्वेदिक लिहिलं आहे, लायसन्स नंबरही आहे.

मावशी: ही वस्तू खरी असू शकते. 'विजया' म्हणजे भांगच, आणि आयुर्वेदात ती औषधी आहे. औषध कायद्याच्या 'ई-१' यादीत ती विषारी द्रव्यांत येते. त्यामुळे औषध बनवायला परवाना लागतो आणि बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना छापावी लागते. पानाचा अर्क असेल, परवाना असेल आणि वैद्यानं लिहून दिलं असेल, तर रुग्णासाठी तो एक मार्ग आहे. पण त्या थेंबांत टीएचसी असतोच. लाडवांशेजारी मांडून 'झोप चांगली लागते हो' म्हणत विकायची ती वस्तू नाही. ठेवायचंच म्हणत असशील तर आधी राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे.

भाचा: म्हणजे उरल्या बिया आणि तेल.

मावशी: हां, तिथं वाट साफ आहे. कुमाऊंकडे भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते. बीमध्ये नशा नसते. फुलाच्या कोशाचा अंश चिकटून येतो तेवढाच. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०२१ मध्ये बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. अट अशी की बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नको, तेलात १० च्या वर नको. आता हा आकडा त्या ०.३ टक्क्यांशी लावून बघ.

भाचा: ०.३ टक्के म्हणजे किलोला… ३,००० मिलिग्रॅम. कुठं पाच अन् कुठं तीन हजार!

मावशी: म्हणून ज्या पाकिटावर '०.३ टक्क्यांच्या आत, म्हणून कायदेशीर' असं लिहिलं असेल, ते आपल्या अन्न कायद्याच्या जवळपासही नाही. बियांच्या पाकिटावर एफएसएसएआयचा क्रमांक बघ, कंपनीकडून बॅचचा प्रयोगशाळा अहवाल माग आणि बिल जीएसटीचं घे.

भाचा: त्याच बिया बांधावर टाकल्या तर? धानाच्या मागून पैसा काही उरत नाही. उत्तराखंडात शेती होते असं ऐकलं.

मावशी: चुकूनही नको. बी खाणं कायदेशीर, पेरणं नाही. झाड लावण्याचा गुन्हा वेगळा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथं फुलोरा यायची वाट बघत नाहीत. उत्तराखंडानं २०१८ पासून धागा आणि बियांसाठी कमी टीएचसीच्या झाडाला परवाने द्यायला सुरुवात केली. कायद्यात राज्याला ती मुभा आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याला असा परवाना देणारी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. शिरपूरकडे सातपुड्यात कपाशीच्या आडोशाला लावलेली झाडं उपटून नेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. जमीन वनाची असो की सातबाऱ्यावरची, गुन्हा लावणाऱ्यावर पडतो.

भाचा: तुझ्याकडे येणारे आरोपी असेच शेतकरी असतात का?

मावशी: जास्त करून पिशवी वाहणारी पोरं. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला माल तेलंगणातून रस्त्यानं नाहीतर रेल्वेनं वर सरकतो. बल्लारशाह दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन आहे, सिरोंचा, राजुरा सीमेवर. मालाचा धनी गाडीत नसतो. 'ही बॅग नागपूरला उतरव, दोन हजार घे' एवढ्यावर पोरगं तयार होतं. आणि या कायद्यात ओझं उलटं आहे. ताब्यात माल सापडला की 'मला माहीत नव्हतं' हे आरोपीनं सिद्ध करायचं.

भाचा: आणि जो नुसता ओढते? आमच्या वॉर्डातही एक-दोन आहेत.

मावशी: सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेतले तर अल्प मात्रेच्या खटल्यातून सूट मिळायची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. फार कमी घरांना ती माहीत असते. आईबाप पोराला लपवतात, दवाखान्यात नेत नाहीत. नेलं तर पोरगंही वाचतं आणि खटलाही.

भाचा: एक सांग. आमच्याकडून वैनगंगा ओलांडली की दारू राजरोस विकतात आणि इकडे भांगेच्या थेंबाला एवढी कटकट. हे बरोबर आहे का?

मावशी: मला विचारशील तर नाही. दारूनं मोडलेली घरं मी गांजानं मोडलेल्यांपेक्षा जास्त बघितली. पान आणि फूल यांच्यातली रेघही शास्त्रापेक्षा तडजोडीतून आली आहे, टीएचसी तर दोन्हींत असतो. पण माझं मत तुझ्या पंचनाम्यात कुणी लिहून घेणार नाही. जे लिहितील ते एवढंच की माल कोणत्या भागाचा आणि परवाना कुणाचा. एजंटलाही हेच दोन प्रश्न पाठव.

भाचा: लिहितो. 'बिया आणि तेल दहा-दहा पाकिटं, लॅब रिपोर्टसह. थेंब सध्या नको. गमीचा अर्क झाडाच्या कोणत्या भागातून काढला आणि महाराष्ट्रात विकायचा परवाना कुणाच्या नावावर आहे, तो फोटो पाठवा.' ठीक?

मावशी: ठीक. फोटो येणार नाही, पण मेसेज जपून ठेव.

भाचा: आणि तो म्हणाला, बाकीचे दुकानदार बिनधास्त विकून राहिले, तर?

मावशी: तर त्यांना माझा नंबर दे. जामिनाची फी मी त्यांच्याकडून घेईन, तुझ्याकडून घ्यायची वेळ आणू नकोस.