रंगारी बिचारा बरोबर होता

अगं, तुझ्या दुकानाच्या बोर्डाचा फोटो पाहिला. सूतगिरणी चौकातनं जाता-येता लोकांनी वाचावा म्हणून लाल पाटीवर निळी अक्षरं, होय ना? हौस कळली, पण ती अक्षरं नुसती थरथरतायत गं. लाल आणि निळा आपल्या डोळ्यात एकाच वेळी नीट ठरत नाहीत. एक पुढे आल्यासारखा वाटतो, दुसरा मागे. त्यात दोन्ही सारखेच गडद. फोटो मोबाइलवर काळा-पांढरा करून बघ, अक्षरं पाटीत बुडून जातील. त्यापेक्षा लाल राहू दे, अक्षरं पांढरी कर.

आता एक सांगते, आईला बोलू नकोस. हिरव्या पैठणीवर घालायला मी राखाडी ब्लाउजपीस रंगवून घेतला होता. घरी साडीवर ठेवला तर चक्क गुलाबट! तणतणत रंगाऱ्याकडे गेले, गारखेड्यातल्या चार बायकांसमोर त्याला बोलले. तो काही बोलला नाही. तोच तुकडा त्यानं एका लालभडक ओढणीवर टाकला, आणि तो हिरवट दिसायला लागला. मग कागदाला भोक पाडून तेवढाच तुकडा दाखवला. राखाडी, निव्वळ राखाडी. मी पैसे दिले आणि खाली मान घालून निघाले.

पुढे वाचलं, पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातही हेच झालं होतं. १८२४ पासून तिथल्या रंगाईचा प्रमुख होता शेवरल, मूळचा रसायनशास्त्रज्ञ. निळ्या-जांभळ्या कापडातला काळा मरगळलेला दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. धागे तपासले तर काळा चोख; शेजारचा निळा त्याला खात होता. १८३९ मध्ये त्यानं यावर जाडजूड ग्रंथच काढला.

गंमत म्हणजे पैठणीच्या धूपछावात उलटं घडतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा. धागे इतके बारीक की डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत, तिसराच रंग दिसतो. मोठे पट्टे शेजारी ठेवलेस तर रंग एकमेकांना ढकलतात, धाग्याएवढे केलेस तर गळ्यात गळे घालतात. म्हणून काठ आणि ब्लाउज जुळवताना ब्लाउजपीस गिऱ्हाइकाला साडीवर ठेवूनच दाखव, हातात धरून नको.

आणि ट्रायल रूमच्या भिंतींना गुलाबी देणार होतीस ना? डबा उघडला नसेल तर आजच परत करून ये.