पेट्रोल गाडीचे ‘मिसिंग’ : निदान व उपाय

गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. तेथील तबेल्यांतून अंधेरी-बोरिवलीकडे निघालेली गाडी वाटेत अडली, तर दूध नासते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी, पेट्रोल किंवा दाब कमी पडला की इंजिन धक्के खाते. यास ‘मिसिंग’ म्हणतात. पावसाळ्यात प्लगच्या टोपीत ओल शिरून ठिणगी बाहेरच निसटते.

निदान या क्रमाने करावे :

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. टोप्या व तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तडकलेली तार बदलावी.

२. प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी टोक ठीक. पेट्रोलने ओले असल्यास बहुधा ठिणगीचा दोष. कोरडी काजळी असल्यास एअर फिल्टर तपासावा. तेलकट असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय धरावा.

३. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असल्यास संशयित कॉइल शेजारच्या कॉइलशी बदलून पाहावी. दोषही तिच्याबरोबर सरकला, तर नवी बसवावी.

४. एवढ्याने न भागल्यास इंजेक्टर व सिलिंडरचा दाब कुशल कारागिराकडून तपासून घ्यावा.

मिसिंग होत असता गाडी रेटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो अतिशय तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केल्यास आग लागू शकते.